दाखला सर

राणीसावरगावात लग्नपत्रिका छापायला देण्याआधी तिघांना दाखवायची रीत आहे. आधी रेणुकामातेला, मग भावकीतल्या रुसक्या माणसाला आणि शेवटी दाखला सरांना. देवी काही बोलत नाही. रुसका माणूस आपलं नाव कितव्या ओळीत आलंय तेवढं पाहून गप्प बसतो. सर मात्र खुर्ची ओढून घेतात, चष्मा पुसतात, शर्टाच्या खिशातून लाल पेन काढतात आणि 'श्री गणेशाय नमः'पासून सुरुवात करतात.

"निमंत्रक, समस्त गावकरी मंडळी. समस्त?"

"तसं लिहायची पद्धतच आहे, सर."

"तुझा चुलता तुझ्या बापाशी बांधावरून कोर्टात भांडतोय. तो समस्तात आहे का नाही? असंल तर त्याची सही आण. नसंल तर 'समस्त' काढ."

लग्नघरचा माणूस माझ्याकडे बघतो, मी कॉम्प्युटरकडे बघतो आणि 'समस्त' जातं. बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. गावातला छापील मजकूर माझ्याकडे तयार होतो आणि सरांकडे मरतो.

नावामागची गोष्ट फार मोठी नाही. सर हायस्कूलला होते तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या सहीशिवाय मिळत नसे. रिटायर झाल्यावर त्यांनी उलट गावाकडून दाखले मागायला सुरुवात केली. चौकात कुणी काही ठोकून दिलं की मागून आवाज येतो, "दाखला?" यंदा सोयाबीन चांगलं होणार म्हणणाऱ्याला, वारी पायी केली म्हणणाऱ्याला, बैल चार दाती आहे म्हणणाऱ्याला. बैलवाल्यानं बैलाचं तोंडच उघडून दाखवलं. तेवढा एक दाखला सरांनी जागेवर मान्य केल्याचं मला आठवतं.

नवरात्रातल्या एका पत्रकात मी 'लाखो भाविकांची मांदियाळी' असं टाईप केलं होतं. सरांनी समासात लिहिलं, 'कुणी मोजले? पावती कुठे?' वाढदिवसाच्या बॅनरवरचं 'हार्दीक' त्यांनी काठीला लाल खडू बांधून ऱ्हस्व केलं. ज्याचा वाढदिवस होता तो चिडला नाही. त्याला वाटलं, सरांनी आपल्या नावाला टिळा लावला.

सर खरे पेटतात ते 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ऐकल्यावर. परभणीचा माणूस पुण्यात असो की दुबईत, हे म्हटल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही. सर विचारतात, "जर्मनीत कुणाला विचारलं होतं का?" शिवाय जुनं 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' हेही लोक म्हणतातच. सरांच्या मते ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. चौकशी पुरी होईपर्यंत दोन्ही स्थगित ठेवावीत. फक्त जनाबाई गंगाखेडची, हे एक विधान ते बिनदाखल्याचं सोडतात. गंगाखेड तालुक्यात राहून कुणी दुसरं काही म्हणू शकेल असं त्यांच्या मनालाच शिवत नाही.

असा माणूस गावोगाव असतो. मासिकांचे संपादक त्याला अक्षरावरून ओळखतात. पत्रव्यवहाराच्या पानावर त्याचा कायमचा मुक्काम असतो. त्याचं स्वतःचं पुस्तक नसतं, पण दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या समासात त्यानं दोन-चार ग्रंथांचा मजकूर लिहून ठेवलेला असतो. सरांच्या कपाटात केतकरांच्या ज्ञानकोशाचे काही सुटे खंड आहेत, पाठीचा पुठ्ठा गेलेले. केतकरांनी तेवीस खंडांतले पहिले पाच नुसत्या प्रस्तावनेला दिले, म्हणून लोक हसतात. सर हसत नाहीत. "दाखले देत बसलं की तेवढी जागा लागतेच," म्हणतात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला, तो त्यांनी 'अ'पासून सलग वाचला. कोश असा वाचायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दाखला मागितला असता.

तर गंगाखेडच्या बाजूला शिकवणारा एक प्राध्यापक, सरांचाच जुना विद्यार्थी, त्याला एका कोशाचं काम मिळालं. नोंद होती 'चौदावी भारतीय पायदळ डिव्हिजन, दुसरे महायुद्ध'. कोशवाल्यांची अट अशी की नोंद आधी एका जाणकारानं तपासलेली असावी आणि त्याचा अभिप्राय सोबत जोडावा. मानधन लेखकाला, जाणकाराला आभार. प्राध्यापकानं पुण्यातल्या दोन रिटायर फौजी अधिकाऱ्यांना फोन लावले. एकानं उचलला नाही, दुसऱ्यानं उचलून स्वतःच्याच रेजिमेंटची हकीकत तासभर सांगितली. शेवटी त्याला लाल पेन आठवलं.

नोंद माझ्या दुकानात व्हॉट्सॲपवर आली. सर स्क्रीनवर वाचत नाहीत, कारण स्क्रीनला समास नसतो. मी ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडून प्रिंट काढली. जागा कमी पडली की सर पानाच्या मागं लिहितात आणि मग बाण कुठून कुठं गेलाय ते मला शोधत बसावं लागतं.

पहिला अभिप्राय त्यांनी माझ्याकडूनच टाईप करून घेतला. सुरुवात अशी: 'मा. महोदय, आपल्या नोंदीचे सूक्ष्म अवलोकन केले. नोंद वाचनीय आहे.' सरांच्या भाषेत ही शिवी आहे. मग मुद्दे सुरू झाले.

'१९४२ मध्ये क्वेट्टा येथे उभारलेली प्रसिद्ध डिव्हिजन.' यातलं 'प्रसिद्ध' गेलं. "आपल्या गावात कुणी नाव ऐकलंय? मग प्रसिद्ध कुठं?" 'सर्वश्रुत आहे की' हे नोंदीत तीनदा होतं. तिन्ही ठिकाणी सरांनी नुसती रेघ मारली नाही, चौकट करून आत फुली मारली. सर्वश्रुत म्हणणारा माणूस दाखला लपवतो, हे त्यांनी दहावीच्या किती तुकड्यांना शिकवलं असेल देव जाणे. 'भीषण जंगल' मधलं 'भीषण' गेलं. 'मोठी हानी झाली' खाली प्रश्न आले: कुणाची, किती, कुणी मोजली? 'डिव्हिजनचे प्रमुख लॉइड यांना पदावरून हटवण्यात आले.' इथं सरांनी पेन टेकवूनच ठेवलं होतं, शाईचा ठिपका पसरला होता. खाली लिहिलं, 'कुणी हटवले? कर्मणी प्रयोगात अपराधी लपतो.'

प्राध्यापकाचा फोन आला तो मी स्पीकरवर टाकला. दोघंही एकमेकांना सर म्हणतात, त्यामुळे कोण कुणाला रागावतंय हे गिऱ्हाइकांना कळेना.

"सर, हटवलं आयर्विन यांनी. ईस्टर्न आर्मीचे प्रमुख होते. मार्च १९४३ च्या अखेरीला."

"मग तसं लिहा. अन् त्या आयर्विनचं काय झालं?"

"मे महिन्यात त्यांनाही हटवलं, सर."

"हां," सर म्हणाले. एवढा समाधानी हुंकार मी त्यांच्या तोंडून सरकारी निकालावरसुद्धा ऐकलेला नाही.

मग 'नऊ ब्रिगेड'. सरांनी समासात ठणकावून लिहिलं होतं: 'मुद्रणदोष. एका डिव्हिजनमध्ये तीन ब्रिगेड असतात.' प्राध्यापक म्हणाला, तीनच असतात, पण इथं नऊ झाल्या होत्या. डिसेंबर १९४२ मध्ये ही डिव्हिजन ब्रह्मदेशातल्या अराकानच्या किनाऱ्यानं दक्षिणेकडे निघाली. अक्याब बेट घ्यायचं होतं, आज त्याला सिटवे म्हणतात. डोनबैकला आणि राथेडौंगला जपान्यांनी लाकूड-मातीचे बंकर बांधले होते. जानेवारीपासून मार्चपर्यंत हल्ल्यावर हल्ले झाले, बंकर पडेना. एक ब्रिगेड थकली की वरून दुसरी यायची, आधीची जागची हलायची नाही. तीन ब्रिगेडी सांभाळायला नेमलेल्या लॉइडच्या एका ऑफिसखाली शेवटी नऊ आल्या. मे महिन्यात सगळे जिथून निघाले होते जवळजवळ तिथंच परत.

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एका वर्गात तीन तुकड्यांची पोरं कोंबली की मास्तरचं जे होतं ते झालं म्हणायचं. ठीक. नऊ राहू द्या. पण दाखला जोडा."

प्राध्यापकानं भारत सरकारनं काढलेल्या युद्धेतिहासाचा अराकानवरचा खंड जोडला. सरांनी बरोबरची खूण केली. ती इतकी बारीक होती की झेरॉक्समध्ये आली नाही.

'जंगल बुक'वर मात्र मोठं रामायण झालं. नोंदीत एका ओळीत होतं, 'सैन्याने १९४३ मध्ये जंगल बुक या नावाने पुस्तिका काढली.' सरांनी ओळ उडवली. 'बालवाङ्मयाचा येथे संबंध नाही.' प्राध्यापक सांगू लागला की ती मोगलीची गोष्ट नाही. लष्करी प्रशिक्षणाची नऊ नंबरची पुस्तिका आहे, सप्टेंबर १९४३ ची आवृत्ती, जंगलात गस्त कशी घालायची, रात्री कसं हलायचं, चारी बाजूंनी बचाव कसा मांडायचा असं सगळं त्यात आहे. अराकानानंतर डिव्हिजनचा तळ छिंदवाड्याला होता, असंही तो म्हणाला. सरांनी नकाशा मागवला. मी मोबाईलवर काढून दिला. बोटानं सातपुडा चाचपत ते छिंदवाड्यावर आले, तिथून थोडं पूर्वेला सरकले आणि थांबले.

"सिवनी. किपलिंगचं जंगल हेच ना?"

"हो, सर."

"म्हणजे मोगलीच्या शेजारच्या जिल्ह्यात फौजेचा कॅम्प अन् पुस्तिकेला नाव जंगल बुक. आता वाचक माझ्यासारखाच गोंधळणार. तळटीप टाका."

त्याच नकाशात त्यांना पांढुर्णा दिसलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे लोक एकमेकांना दगड मारतात, ती गोटमार तिथलीच. मग सरांनी दुसरी तळटीप सांगितली: 'हे सावरगाव राणीसावरगावाहून भिन्न होय.'

"सर, नोंदीत सावरगाव हा शब्दच नाही."

"आज नाही. उद्या कुणी घातला तर?"

इथपर्यंत सगळं नेहमीचं चाललं होतं. पण या सगळ्या रेघा-चौकटींच्या खाली, शेवटच्या पानावर, सरांचा खरा आक्षेप होता. नोंद अकरा पानांची. त्यातली दहा अराकानची, नद्या, बंकर, कुणाला काढलं, कुणाला नेमलं. अकराव्या पानाच्या तळाला एक वाक्य: 'यानंतर डिव्हिजन प्रशिक्षणासाठी वळवण्यात आली व तिने पुन्हा लढाईत भाग घेतला नाही.' त्याखाली लाल अक्षरात, इतर शेऱ्यांपेक्षा मोठ्या अक्षरात: 'विषय आत्ता कुठे सुरू झाला. लेख संपला कसा?'

"सर, त्यानंतर ती लढलीच नाही. लिहायचं काय?"

"मग युद्ध संपेस्तोवर केलं काय? पत्ते खेळले?"

"ट्रेनिंग दिलं."

"कुणाला?"

"रिक्रूटांना."

"ते रिक्रूट पुढं कुठं गेले?"

"ब्रह्मदेशच्या आघाडीवर, सर. इंफाळ, कोहिमा, परत अराकान."

"तिथं काय झालं?"

"जिंकलो, सर."

"अन् तुम्ही लिहिता, पुन्हा लढाईत भाग घेतला नाही!"

फोनवर शांतता. दुकानात एक पोरगं जातीच्या दाखल्याचा फॉर्म घेऊन उभं होतं, ते घाबरून बाहेर जाऊन उभं राहिलं. तेवढ्यात काकू आल्या. सर जेवायला येत नाहीत तेव्हा काकू माझ्या दुकानात येतात, हा शिरस्ता आहे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कामून चिडताव त्या लेकरावर?" मग माझ्याकडे वळून, "तुमचे सर जलमभर धाव्वीलाच राह्यले. पोरं पुढं गेली, कोनी साहेब झालं, कोनी डॉक्टर. हे तिथंच. आता त्या पल्टनीची बाजू हे न्हाई घेणार तर कोन घेणार?"

"विषयांतर करू नकोस," सर म्हणाले. पण पेनाला टोपण लावलं आणि जेवायला गेले.

प्राध्यापकाचं कौतुक करायला हवं. दुसरा कुणी असता तर नोंद दुसऱ्या जाणकाराकडं पाठवून मोकळा झाला असता. हा ग्रंथालयात जाऊन बसला. दुसरा खर्डा आला तेव्हा अराकान चार पानांत आलं होतं आणि छिंदवाड्याला सात पानं मिळाली होती. तो खर्डा मीही वाचला, टाईप करताना वाचावाच लागतो, आणि खरं सांगतो, पहिल्यापेक्षा मला तोच आवडला.

१९३९ साली सुमारे २ लाखांची असलेली भारतीय फौज १९४५ पर्यंत सुमारे २५ लाखांवर गेली. ('सुमारे' हा सरांचा आवडता शब्द. माणूस खोटं बोलत नाही, याची ती खूण आहे म्हणतात.) एवढी पोरं भराभर भरती झाली, अर्धीकच्ची शिकली, आणि शिकली तीही बहुतेक आफ्रिकेच्या वाळवंटातल्या, मोटारींवरच्या लढाईसाठी. ती एकदम ब्रह्मदेशच्या झाडीत टाकली तेव्हा व्हायचं ते झालं. जून १९४३ मध्ये दिल्लीत पायदळाचा विचार करायला एक समिती बसली. ऑकिनलेक त्याच महिन्यात सरसेनापती झाले होते. समितीनं सांगितलं की रिक्रूटानं आपल्या रेजिमेंटच्या केंद्रात सगळं शिकावं, मराठ्यांनी बेळगावला, दुसऱ्यांनी आपापल्या ठिकाणी, पण तिथून थेट आघाडीवर जाऊ नये. मध्ये दोन महिने जंगलाचं शिक्षण घ्यावं. पहिला महिना तळावर, दुसरा झाडीतच मुक्काम करून. त्यासाठी दोन डिव्हिजन लढाईतून काढून मास्तरकीला लावल्या. एक ही १४ वी, मेजर जनरल कर्टिस यांच्या हाताखाली छिंदवाड्याला. दुसरी ३९ वी, उत्तरेत. गोऱ्या रिक्रूटांसाठी ५२ वी ब्रिगेड नर्मदेकाठी बुधनीला.

"ही ३९ वी आधी कोण होती?" सरांनी विचारलं.

"पहिली बर्मा डिव्हिजन, सर. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेत आलेली."

"म्हणजे एक अराकानात हरलेली, एक ब्रह्मदेशात हरलेली. हरलेल्यांनाच मास्तर नेमलं." सरांनी चष्मा काढला. "डोकेबाज माणूस असणार कुणीतरी. जिंकलेला काय शिकवणार? तो नुसता आपले पराक्रम सांगतो." हे बोलताना त्यांचा रोख पुण्याच्या त्या फोनवाल्या अधिकाऱ्यावर होता असं मला वाटलं, पण दाखला नाही.

मग त्यांनी जंगलावरून धरलं. अराकानात वर्षाला सुमारे २०० इंच पाऊस, खाड्या, चिखल. छिंदवाड्याला कोरडा साग आणि बांबू. एका झाडीत शिकून दुसऱ्या झाडीत कसं लढायचं? हा प्रश्न मला नुसती खोड वाटला. प्राध्यापकालाही वाटला असावा. पण उत्तर शोधता शोधता त्याला नोंदीतला सगळ्यात चांगला परिच्छेद सापडला. शिकवायचं होतं ते झाडांचं नव्हतंच. काळोखात न बोलता बसायचं, मोटारीशिवाय चालायचं, रस्त्याला चिकटून राहायचं नाही, शत्रू पाठीमागं आला तर पळायचं नाही, आहे तिथं गोल करून थांबायचं. फेब्रुवारी १९४४ मध्ये अराकानातच जपान्यांनी मागून येऊन सातव्या डिव्हिजनचं ठाणं घेरलं. या खेपेला माणसं जागची हलली नाहीत, विमानातून टाकलेल्या शिध्यावर टिकून राहिली आणि जपान्यांनाच मागं जावं लागलं. ठिकाण तेच, शत्रू तोच, मध्ये फक्त एक वर्ष गेलं होतं.

सरांनी त्या परिच्छेदावर काही लिहिलं नाही. समास कोरा. मी ते पान दोनदा उलटून पाहिलं.

आजाऱ्यांच्या आकड्यावर त्यांनी पुन्हा पेन उपसलं. जखमी होऊन मागं पाठवलेल्या एका माणसामागं १२० आजारी, असं १९४३ चं प्रमाण नोंदीत होतं. 'अशक्य. दाखला?' दाखला ब्रह्मदेशच्या आघाडीवरचे सेनापती खुद्द स्लिमसाहेब यांचा निघाला, त्यांच्या 'डिफीट इंटू व्हिक्टरी' या १९५६ च्या पुस्तकातला. सैनिक मलेरियाची मेपाक्रिनची गोळी खातात की नाही, हे स्लिम अचानक तपासून पाहत आणि प्रमाण कमी निघालं तर त्या पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवत. तिघांना पाठवल्यावर बाकीच्यांना मुद्दा समजला. सरांनी ही हकीकत गावात इतक्यांना सांगितली की आमच्याकडं औषध वाटायला येणाऱ्या आशाताईंना लोक स्लिमबाई म्हणू लागले.

एका जागी मात्र सरांनी सगळ्यांना चाट केलं. प्राध्यापकानं उत्साहानं लिहिलं होतं की हैदराबाद रेजिमेंटमुळे मराठवाड्यातले तरुणही या प्रशिक्षणात आले. आपल्या भागाचा उल्लेख, मला वाटलं सर खूष होतील. त्यांनी अख्खं वाक्य उडवलं. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात, खरं. पण १९ वी हैदराबाद रेजिमेंट ही नावापुरती हैदराबादची. पोरं कुमाऊंची, अहीर आणि जाट. केंद्र आग्र्याला. २७ ऑक्टोबर १९४५ ला तिचं नावही बदलून कुमाऊं रेजिमेंट झालं. तिचं केंद्र आज राणीखेतला आहे. "राणी आहे, सावरगाव नाही," सर म्हणाले. आयुष्यात त्यांनी केलेला विनोद मी तेवढा एकच ऐकला, आणि तोही त्यांनी लगेच आवरला. "निजामाचे पगार हालीत, इंग्रजांचे कलदारात. सात हाली म्हणजे सहा कलदार. गावातून कुणी गेला असता तर तो हिशेब म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिला असता. मी विचारलंय. नाही राहिला." आपल्या गावाला महायुद्धात घुसवायची आयती संधी आली असताना ती अशी लाल रेघेनं घालवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

जर्मनीलाही त्यांनी शेवटी एक गुण दिला. हिटलरच्या फौजेतही आघाडीवर न लढता माणसं तयार करणारी एक वेगळी राखीव सेना होती. २० जुलै १९४४ ला हिटलरजवळ बॉम्ब ठेवणारा स्टाउफेनबर्ग त्याच सेनेच्या कचेरीतला. "बघा, घरी राहिलेल्यांनीच कट केला," असं म्हणून सरांनी 'जगात जर्मनी' वरची स्थगिती दोन दिवस उठवली. परभणीवरची तशीच आहे.

नोंद कोशात गेली. संपादकांनी अभिप्रायाचे कागद वाचले असावेत, कारण महिन्याभरानं त्यांचं सरांना पत्र आलं. आपल्यासारख्या साक्षेपी जाणकारानं आमच्यासाठी 'राणीसावरगाव' ही तीनशे शब्दांची नोंद लिहावी. पत्र सरांनी माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. चष्मा होता, तरी.

पुढं आमच्या गावावर एक विचित्र अवकळा आली. सर लिहीत होते, त्यामुळे कुणाच्या पत्रिकेवर रेघ पडेना. 'समस्त' परत आलं. एका दशक्रिया विधीच्या पत्रकात मी मुद्दाम दोन चुका सोडल्या, तरी कुणी आलं नाही. काकू म्हणाल्या, "रातभर कागद फाडून ऱ्हायलेत. एक ओळ लिवतेत अन् सोताच इचारतेत, दाखला?" शेवटी नोंद तयार झाली. तीनशेच्या जागी एकशे चाळीस शब्द उरले होते, पण प्रत्येकाला तळटीप. कोशाच्या नियमाप्रमाणे ती जाणकाराकडं तपासायला गेली. जाणकार म्हणून संपादकांनी आमच्या प्राध्यापकालाच नेमलं.

त्याचा अभिप्राय माझ्याच व्हॉट्सॲपवर आला. शिष्य गुरूसारखाच निघाला, त्यानं मोबाईलवरही लाल रंग शोधून काढला होता. बाकी सगळं मान्य होतं. पहिल्या ओळीवर मात्र एकच शेरा: 'गावाच्या नावातली राणी कोण? दाखला?'

सर दुकानात उभेच राहिले. खुर्ची दिली तर बसेनात.

"हे काय विचारणं झालं? आमच्या आजोबांनी सांगितलंय. त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलंय. अख्ख्या गावाला माहीत आहे!"

मी काही बोललो नाही. कीबोर्डवर बोटं ठेवून बसलो.

"लिही," सर म्हणाले. "मा. महोदय, आपला आक्षेप वाचला. सदर बाब सर्वश्रुत आहे."

मी लिहिलं. प्रिंट काढली. सरांनी ती काउंटरवर ठेवून वाचली, खिशातून लाल पेन काढलं, 'महोदय'नंतरचा स्वल्पविराम जरा डावीकडं सरकवला, 'सर्वश्रुत' तसंच राहू दिलं आणि दोन प्रतींचे पैसे देताना गेल्या महिन्यात प्रतीचा दर किती होता यावरून माझ्याशी भांडण काढलं.